फॅन लागला की टेम्परेचरचा काटा वर का जातो? घरी बांधलेल्या गाडीत अर्थचा दोष कसा शोधायचा

रेडिएटरचा फॅन लागला की पाणी निवतं आणि काटा हळूहळू खाली येतो. माझ्या गाडीत उलटं व्हायचं. फॅन लागला की काटा ९० वरून टुणकन ९५ च्या पुढे जायचा, हेडलाइट लावले की आणखी थोडा वर. दोन्ही बंद केले की पुन्हा ९० वर. पाणी इतक्या भरभर तापत नाही आणि निवतही नाही. बटण दाबल्याच्या क्षणी काटा हलत असेल तर तो पाण्याबद्दल काही सांगत नसतो, वायरिंगबद्दल सांगत असतो.

गाडी म्हणजे आम्ही तिघांनी भांडुपच्या एका गाळ्यात बांधलेली बग्गी. पाइपची चॅसी, तिला पावडर कोटिंग, मागे जुन्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. रस्त्यावर चालवायची नाही. टेम्पोत चढवून कर्जतकडे मित्राच्या शेतावर नेतो. मूळ गाडीचा मीटरचा डबा आमच्या डॅशबोर्डवर बसत नव्हता, म्हणून चार सुटे गोल मीटर लावले: पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर, पेट्रोल आणि व्होल्ट.

तक्रार दोन पावसाळे चालली. दोन पावसाळ्यांत तापमानाचे तीन सेन्सर बदलले. आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट ही की दर वेळी नवा सेन्सर बसवला की महिना-दीड महिना सगळं ठीक चालायचं. साहजिकच वाटायचं की जुना सेन्सरच खराब होता. मग पुन्हा तेच. सेन्सरचा दर्जा वाईट, असा निष्कर्ष काढून आम्ही पुढचा आणायला कुर्ल्याला सीएसटी रोडवर जायचो.

गेल्या ऑगस्टमध्ये शेतावर प्रकरण हातघाईवर आलं. भर दुपार, हेडलाइट बंद, आणि फॅनचा फ्यूज उडालेला; तो उडालाय हे आम्हाला माहीत नव्हतं. काटा ९७ वर होता. म्हणजे जरा तापलीय, पण चालेल. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या मित्राला कूलंटचा गोडसर वास आला आणि त्याने ओरडून इंजिन बंद करायला लावलं. रेडिएटरच्या झाकणातून वाफ फुसफुसत होती. हेड वाचलं ते मित्राच्या नाकामुळे. मीटरच्या भरवशावर राहिलो असतो तर वाचलं नसतं.

आमच्या गाळ्यापासून दोन गाळे सोडून एक वायरमन काका बसतात. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींच्या वायरिंगमध्ये त्यांची हयात गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा त्यांनी दोन दिवस गाळा उघडला नव्हता. त्यांना तिसरा सेन्सर दाखवला. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

“सेन्सर ठेव बाजूला,” ते म्हणाले. “करंट गेला कुठून ते तुला माहीत आहे. परत कुठून येतो ते दाखव.”

मला दाखवता आलं नाही. तिथून खरी सुरुवात झाली.

परतीची वाट

घरातलं अर्थिंग सुरक्षेसाठी असतं. सगळं नीट असताना त्या तारेतून काही वाहत नाही. गाडीतला अर्थ वेगळा. तो रोजच्या कामाची तार आहे. बॅटरीच्या प्लसमधून जेवढा करंट निघतो तेवढा सगळा अर्थमधूनच मायनसला परततो. मुंबईकराला हे समजायला लोकलचं उदाहरण पुरे. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली लोकल धावली तेव्हापासून डोक्यावर तार एकच आहे. दुसरी तार कुठे आहे? ती चाकांखाली आहे. परतीचा करंट रुळांतून जातो, आणि रूळ जिथे एकमेकांना जोडले असतात तिथे नुसत्या लोखंडी पट्टीवर विसंबत नाहीत, तांब्याची जाड तार वेगळी जोडतात. गाडीची चॅसी आणि इंजिनचा ब्लॉक हे आपले रूळ. जोड कच्चा असेल तर गाडी चालते, पण मीटर खोटं बोलतात.

एका तारेच्या सेन्सरचं काम बघा. मीटरकडून एक तार येते, सेन्सरच्या डोक्यावर लागते. आतला रेझिस्टर गरम होतो तसा त्याचा ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. करंट त्यातून सेन्सरच्या पितळी अंगात, अंगाच्या आट्यांतून इंजिनात, इंजिनातून चॅसीत आणि चॅसीतून बॅटरीला. म्हणजे सेन्सरचे आटे हे नुसते पाणी अडवायला नाहीत, ते सेन्सरची दुसरी तार आहेत. शिवाय इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि चॅसी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी लागते. कंपनीच्या गाडीत हे सगळं कारखान्यात ठरलेलं असतं. आपल्या गाडीत आपण ठरवतो, आणि बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, दमून, रात्री दहा वाजता ठरवतो.

काटा कुठल्या बाजूला खोटं बोलतो ते आधी बघा

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती, म्हणून इथे जरा थांबतो.

सुट्या मीटरांमध्ये व्हीडीओ (VDO) या कंपनीच्या पद्धतीचे सेन्सर खूप चालतात. त्या जातीचा तापमानाचा सेन्सर ९० अंशांना साधारण ५१ ओहम असतो, १०० ला साधारण ३८, १२० ला साधारण २२. तुमच्या सेन्सरचे आकडे वेगळे असू शकतात, त्याच्या कागदावर बघा. तर्क तोच राहतो. आता समजा आट्यांच्या जोडात १३ ओहमचा अडथळा बसला. मीटरला सेन्सर आणि जोड वेगळे कळत नाहीत, तो बेरीज वाचतो. इंजिन १०० अंशांवर आहे, ३८ अधिक १३ म्हणजे ५१, काटा दाखवतो ९०. दहा अंशांची फसवणूक. पण इंजिन १२० वर गेलं तर? २२ अधिक १३, म्हणजे ३५. काटा दाखवतो १०२-१०३. आता फसवणूक सतरा-अठरा अंशांची. आणि थंड इंजिनात, साठ अंशांना, सेन्सर स्वतःच १३४ ओहमच्या आसपास असतो. तिथे १३ ने जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पडतो. म्हणजे सकाळी गाळ्यात तपासलं तर सगळं बरोबर दिसतं, आणि इंजिन जितकं संकटात तितका तोच जोड जास्त लपवतो.

ऑइल प्रेशरचा सेन्सर उलटा चालतो. शून्य दाबाला १० ओहम, पूर्ण दाबाला १८४ च्या आसपास. त्याच्या जोडात १३ ओहम वाढले तर प्रेशर जास्त दिसतं. दहा बारच्या मीटरवर पाऊण बारच्या आसपास. आयडलिंगला जिथे मुळात एकच बार असतो तिथे ही वाढ फार मोठी आहे.

नीट बघा काय झालं. तापमान कमी दिसतंय, प्रेशर जास्त दिसतंय. दोन वेगळ्या सेन्सरांची दोन खोटी, दोन्ही आपल्याला दिलासा देणारी. त्यामुळे कुणी तक्रारच करत नाही. मीटर छान दाखवतो म्हणून तपासायला कोण जातं?

दुसऱ्या प्रकारचा दोष इंजिनच्या पट्टीतला. सेन्सरचा करंट पन्नास-साठ मिलीअँपियर असतो, त्याला पट्टीतला बारीकसा अडथळा जाणवतही नाही. पण त्याच पट्टीतून अल्टरनेटरचा, म्हणजे चालू इंजिनात वीज बनवणाऱ्या डायनामोचा, सगळा करंट जातो. अल्टरनेटर इंजिनावर बसलेला आहे, हेडलाइट आणि फॅन चॅसीला अर्थ केलेले आहेत. म्हणजे चालू इंजिनात दिव्यांचा आणि फॅनचा परतीचा करंट चॅसीतून पट्टीवाटे इंजिनाकडे वाहतो. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे आठ अँपियर, फॅनचे दहा, वर इग्निशन वगैरे धरून वीसच्या आसपास. पट्टीच्या जोडात एका ओहमचा फक्त चाळिसावा भाग अडथळा असला तरी वीस अँपियरला अर्धा व्होल्ट पडतो. इंजिन चॅसीपेक्षा अर्धा व्होल्ट खाली जातं. मीटरचा अर्थ चॅसीला आणि सेन्सरचा अर्थ इंजिनाला असला की मीटरला वाटतं सेन्सरचा ओहम कमी झाला. गरम इंजिनात माझ्या सेन्सरच्या तारेवर जेमतेम अडीच व्होल्ट असतात, त्यात अर्धा व्होल्ट इकडचा तिकडे झाला तर काटा हलणारच. तापमान वर जातं, प्रेशर खाली येतं. हे खोटं घाबरवणारं.

म्हणून पहिली परीक्षा डोळ्यांनी करा. कायम दिलासा देणारं खोटं असेल तर आट्यांकडे आणि सेन्सर इंजिनात बसवायला मध्ये घातलेल्या अॅडॅप्टरकडे बघा. फॅन-दिवे लावल्यावर घाबरवणारं खोटं सुरू होत असेल तर इंजिनच्या पट्टीकडे. हेच इंजिन बंद ठेवून, नुसती चावी फिरवून करून बघा. बॅटरीचा मायनस चॅसीला जोडलेला असेल तर इंजिन बंद असताना दिव्यांचा करंट पट्टीतून जात नाही, त्यामुळे काटा स्थिर राहतो. मायनस थेट इंजिनाला असेल तर बंद इंजिनातही काटा हलेल. आणि चारही मीटरांचे काटे एकदम हलत असतील, पेट्रोलसकट, तर इंजिनाकडे जाऊच नका. पेट्रोलच्या टाकीचा सेन्सर इंजिनावर नसतो. दोष डॅशबोर्डमागे आहे, मीटरांच्या स्वतःच्या अर्थमध्ये किंवा प्लसच्या पुरवठ्यात.

माझ्या गाडीत दोन्ही दोष एकाच वेळी होते. आटे काटा खाली ओढत होते, पट्टी वर ढकलत होती. फॅन चालू असला की दोघं मिळून आकडा साधारण खरा दाखवायचे! शेतावर फ्यूज उडून फॅन बंद पडला, दिवे बंद होते, वर ढकलणारा दोष गप्प झाला आणि खाली ओढणारा तेवढा उरला. म्हणून पाणी ११० च्या आसपास असताना काटा ९७ वर.

मोजायचं कसं

मल्टीमीटर साधा चालतो. माझा लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला आहे, त्यात काही विशेष नाही. पण त्याचं ओहमचं बटण पट्टी तपासायला वापरू नका. हा मीटर ०.१ ओहमपेक्षा बारीक दाखवत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरीच ०.२-०.३ खातात, आणि आपल्याला शोधायचा आहे ०.०२५. शिवाय ओहम मोजताना तो अगदी नगण्य करंट सोडतो. दहा तारांची पट्टी तुटून एकच तार शाबूत असली तरी तिथे जोड उत्तम दिसतो. ज्या दिवशी वीस अँपियर जायला लागतात त्या दिवशी तो उघडा पडतो. म्हणून करंट वाहत असतानाच व्होल्ट मोजायचे.

मल्टीमीटर डीसी व्होल्टच्या २ च्या रेंजवर. काळी वायर बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, क्लँपवर नको. क्लँप आणि खुंटी यांच्यातलाच जोड खराब असू शकतो. इंजिन चालू, १५०० च्या आसपास आरपीएम, हेडलाइट आणि फॅन चालू. मग लाल वायर घेऊन परतीच्या वाटेने एकेक पाऊल पुढे जायचं: क्लँप, केबलचा लग (टोकाचं धातूचं कडं), चॅसीचा बोल्ट, चॅसीचा उघडा भाग, पट्टीचं चॅसीकडचं टोक, इंजिनाकडचं टोक, ब्लॉक, थर्मोस्टॅटचं घर, अॅडॅप्टर, आणि शेवटी सेन्सरचा षटकोन, म्हणजे पाना लागतो तो भाग. जिथे आकडा उडी मारतो तो जोड खराब. एवढंच आहे. वजा चिन्ह आलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ इंजिन बॅटरीच्या मायनसपेक्षा खाली आहे.

काका शेजारी स्टुलावर बसले होते, मी टोक टेकवत होतो. क्लँप ०.००. चॅसी ०.०१. पट्टीचा चॅसीकडचा लग: उणे ०.४१. म्हणजे चॅसी आणि तिच्यावर बोल्टने आवळलेला लग, यांच्यात ०.४२ व्होल्ट. बोट ठेवलं तर दोघांवर एकदम पडेल इतकं अंतर. ब्लॉकवर उणे ०.४६. आणि पुढे सेन्सरच्या षटकोनावर आकडा फिरून अधिक ०.२४. ब्लॉक आणि सेन्सर यांच्यात ०.७ व्होल्ट! काकांनी एवढंच म्हटलं, “बघ, नुसती दोन टोकं मोजली असतीस तर पाव व्होल्ट दिसला असता, आणि सोडून दिलं असतंस.” खरं आहे. दोन दोष एकमेकांना खात होते, म्हणून मधलं प्रत्येक पाऊल मोजायला हवं.

आकडे किती असावेत? सगळे दिवे आणि फॅन चालू असताना बॅटरीच्या खुंटीपासून सेन्सरच्या अंगापर्यंत मी ०.०५ व्होल्टच्या आत धरतो. ०.१ च्या वर गेला की जोड उघडायचा.

सेल्फ मारतानाही एकदा मोजा, खुंटी ते ब्लॉक. ०.२-०.३ च्या वर नको. माझ्याकडे १.९ आला. सकाळी सेल्फ जड जायचा त्याचं कारण हेच होतं, आणि आम्ही त्यासाठी बॅटरी बदलली होती. याच दोषाचं आणखी एक लक्षण आहे, ते मात्र धोक्याचं: सेल्फ दोन-तीन वेळा मारल्यावर क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावून बघा. गरम लागली तर सेल्फचा करंट पट्टी सोडून त्या केबलमधून परततोय. तशी गाडी चालवू नका.

आट्यांच्या जोडाला मात्र ओहमचं बटण चालतं, कारण तिथला अडथळा मोठा असतो. चावी बंद करून षटकोन ते ब्लॉक मोजा. माझ्याकडे १२ ते १४ च्या मध्ये हलत होता.

मल्टीमीटर नसेल तर मगरचिमट्यांची एक वायर घ्या आणि सेन्सरचा षटकोन थेट बॅटरीच्या मायनसला जोडा. काटा जागचा हलला तर अर्थ खराब, नाही हलला तर अर्थ चांगला. सेन्सर विकत घेण्याआधी हे दहा सेकंदांचं काम करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मीटर स्वतः खरा आहे का, हेही एकदा बघून टाका. ३९ ओहमचा अर्धा वॉटचा रेझिस्टर दोन-तीन रुपयांना मिळतो. सेन्सरची तार काढून त्या रेझिस्टरमधून ब्लॉकला जोडली तर व्हीडीओ पद्धतीचा मीटर १०० च्या आसपास दाखवायला हवा. मग रेझिस्टरचं तेच टोक ब्लॉकवरून काढून मीटरच्या अर्थच्या टर्मिनलला लावा. दोन्ही वेळा काटा एकाच जागी आला तर मधली वाट चांगली. सेन्सर तपासायचा तर त्याची घुंडी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरा आणि अंग वायरने मीटरच्या अर्थला जोडा. मुंबई समुद्रसपाटीला आहे, पाणी १०० लाच उकळतं. महाबळेश्वरला करत असाल तर ९५-९६ धरा. आमचे काढून फेकलेले तीन सेन्सर मी असे तपासले. तिन्ही चांगले होते.

उघडल्यावर काय दिसलं

पट्टीचा बोल्ट सोडला तेव्हा लगखाली चॅसीवर राखाडी पावडर कोटिंग अजून शाबूत होतं, मध्ये नखाएवढी एक जागा तेवढी खरवडलेली, आणि तिच्यावर गंज. बांधताना आम्ही कोटिंग खरवडलं होतं, पण लगच्या आकाराएवढं नाही. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकच. दोन वर्षं सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून जात होता. लगच्या तांब्यावर हिरवट थर चढला होता, ओल्या हाताला चिकटेल असा. भांडुप-कांजूरच्या मिठागरांकडून खाडीची जी हवा येते तिच्यात मीठ आहे, पावसाळ्यात ओल आहे. उघडं तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटलेलं असेल तर तिथे हे व्हायचंच. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून आपण कल्हई करून घेतो. तारेलाही तोच उपाय: कल्हई केलेली, म्हणजे कथलाचा थर दिलेली तार आणि तसेच लग घ्या. तांबड्या उघड्या तांब्याचे घेऊ नका. मात्र डाग देताना नवसागर किंवा अॅसिडचा फ्लक्स वायरला लावू नका, तो आत राहून तार खातो. राळेचा फ्लक्स वापरा.

सेन्सरकडे टेफ्लॉन टेप निघाली. सेन्सरच्या आट्यांवर चार वेढे आणि अॅडॅप्टरच्या बाहेरच्या आट्यांवर आणखी पाच. नळाच्या कामाची सवय. निमुळत्या आट्यांमध्ये घट्ट आवळताना टेप फाटून धातू धातूला भिडतो, म्हणून सुरुवातीला चालतं. मग इंजिन रोज तापतं, निवतं, थरथरतं, आत ओल शिरते आणि तो थोडासा भिडलेला भाग काळा पडतो. आता तो महिना-दीड महिन्याचा खेळ उलगडला. नवा सेन्सर बसवताना आम्ही जुने आटे पुसून घासत होतो. बरं वाटत होतं ते घासण्याने, सेन्सरने नाही.

दुरुस्ती

बॅटरीच्या मायनसवरून २५ चौरस मिलीमीटरची केबल थेट गिअरबॉक्सच्या घराच्या बोल्टवर, सेल्फच्या शेजारी. ब्लॉक ते चॅसी विणलेली नवी पट्टी, तिच्याखेरीज. लोहार चाळीतून लग आणले आणि तिथल्याच एका दुकानात हायड्रॉलिक प्रेसने क्रिंप करून घेतले. हातोडीने चेपटलेला लग पहिल्या पावसाळ्यात सैल होतो. चॅसीवर लगपेक्षा जरा मोठं वर्तुळ कानशीने चकचकीत होईपर्यंत घासलं, स्टार वॉशर घातला, पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवून बोल्ट आवळला, आणि आवळल्यावर बाहेरून रंग मारला. जेली आधी लावली तर वीज अडेल, अशी शंका मलाही होती. आवळताना ती मधून बाहेर ढकलली जाते, धातू धातूला भिडतो आणि कडेने ओल शिरत नाही.

सेन्सरच्या आट्यांवरची टेप पूर्ण काढली. माझा अॅडॅप्टर निमुळत्या आट्यांचा आहे, तो कोरडाच बसला आणि गळत नाही. सरळ आटे असतील तर तांब्याचा वॉशर घालावा, तो पाणीही अडवतो आणि वीजही नेतो.

मग सगळ्यात उपयोगाचं काम: मीटरांचा अर्थ चॅसीवरून काढून टाकला. सिलिंडर हेडवरून १ चौरस मिलीमीटरची एक वेगळी तार डॅशबोर्डपर्यंत आणली आणि फक्त मीटरांचे अर्थ तिच्यावर घेतले. आता मीटर आणि सेन्सर एकाच जागेला शून्य मानतात, इंजिन चॅसीपेक्षा खाली जावो की वर. चार मीटर मिळून जेमतेम पाव-अर्धा अँपियर घेतात, त्यांना जाड तार लागत नाही. मात्र मीटरमधल्या बल्बचा अर्थसुद्धा या तारेवर नको. तो वेगळा चॅसीला. या तारेबद्दल एक इशारा. मुख्य पट्टी आणि केबल तुटली तर सेल्फचा करंट या बारीक तारेतून जायला बघेल आणि ती पेटेल. म्हणून आधी मुख्य वाटा दोन करा, आणि मगच ही तार ओढा.

इंजेक्शनचं इंजिन असेल तर ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचे, स्वतःचे सेन्सर दोन-तीन तारांचे असतात आणि त्यांची परतीची तार थेट ईसीयूलाच जाते. तिला चॅसीला जोडू नका आणि तिच्यावर मीटर लटकवू नका. मीटरसाठी सेन्सर वेगळा बसवा.

आणखी एक प्रकार आमच्याच ओळखीत घडला. एकाने रेडिएटरच्या रबरी होजमध्ये मध्येच अॅल्युमिनियमचा तुकडा घालून त्यात सेन्सर बसवला. दिसायला उत्तम काम. पण तुकड्याच्या दोन्ही बाजूंना रबर, म्हणजे तो अधांतरी. काटा थंडच्या पुढे सरकेना. त्या तुकड्याला बारीक स्क्रू मारून तिथून ब्लॉकला एक तार दिली आणि मीटर जिवंत झाला. ऑइल प्रेशरचा सेन्सर थरथरीपासून वाचवायला होजने लांब चॅसीवर नेतात, तिथेही हेच होतं. अशा जागी दोन तारांचा, अंगाला अर्थ नसलेला सेन्सर मिळाला तर तो जास्त बरा. जरा महाग पडतो, पण आट्यांचा प्रश्नच संपतो.

दुरुस्तीनंतर सगळं चालू ठेवून मोजलं: चॅसी ०.०१, ब्लॉक उणे ०.०२, सेन्सरचा षटकोन उणे ०.०२. सेल्फ मारताना ०.१५. हे चार आकडे तारखेसह मास्किंग टेपवर लिहून डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत. मेच्या शेवटी एकदा आणि नवरात्राच्या सुमाराला एकदा पुन्हा मोजतो. यंदा पावसाळ्यानंतर ब्लॉकचा आकडा उणे ०.०४ झाला होता; बोल्ट सोडला, पुसला, आवळला, पुन्हा ०.०२. फॅन लागला की काटा आता हळूहळू खाली येतो.